ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन : फोकस चुकवणाऱ्या बाई

कवडसा

इथल्या छायाचित्रण विभागात दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी फोटोखाली ‘डोळे शार्प नाहीत’ असा शेरा पडतो आणि मग पन्नास प्रतिसाद होईपर्यंत हाणामारी चालते. हाच शेरा जिच्या कामावर दीडशेहून जास्त वर्षं मारला जातोय, त्या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छायाचित्रकार कॅमेरॉन बाईंबद्दल एकदा सविस्तर लिहायचं डोक्यात होतं.

ज्युलिया मार्गारेट पॅटल. जन्म ११ जून १८१५, कलकत्ता. वडील कंपनी सरकारात मोठ्या हुद्द्यावर, आई फ्रेंच घराण्यातली. सात बहिणी, आणि त्यांच्या रूपाची चर्चा कलकत्त्यापासून लंडनपर्यंत. ज्युलिया तेवढी रूपाने डावी, असं त्या काळच्या लोकांनी बिनदिक्कत लिहून ठेवलंय. १८३६च्या सुमारास आजारातून उठल्यावर ती हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेत केपला गेली. तिथे दोन माणसं भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा कायदेपंडित. त्याच्याशी तिचं १८३८ मध्ये कलकत्त्यात लग्न झालं. दुसरे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल, जे तेव्हा दक्षिणेकडचं आकाश नोंदवत केपलाच मुक्कामाला होते. त्यांच्याशी जन्मभराची मैत्री जमली. फोटोग्राफी नावाचं काही निघालंय हे तिला कळलं ते हर्शेलांकडूनच, आणि सुरुवातीचे नमुनेही त्यांनीच तिला पाठवले.

पण कॅमेरा हातात यायला १८६३चा डिसेंबर उजाडला. तोवर कुटुंब इंग्लंडला परतून आयल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात, कवी टेनिसनच्या शेजारी स्थायिक झालं होतं. नवरा सिलोनला कॉफीचे मळे बघायला गेलेला. आई एकटी पडलीय, तिला काही विरंगुळा हवा म्हणून मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. बाईंचं वय ४८.

विरंगुळा वगैरे राहिला बाजूला. कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ झाला. अंडी विकून मुलांना मिळणारे पैसे बंद झाले. कोंबड्यांना सोडून देण्यात आलं, त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा आहे, असं बाई आपल्या अपुऱ्या आठवणींत लिहितात. या आठवणी १८७४च्या, आणि त्यांचा सूर बराचसा असाच आहे.

पहिला फोटो गावातल्या एका शेतकऱ्याचा. त्याला तासाला अर्धा क्राउन देऊन बसवलं. तासामागून तास आणि नाण्यामागून नाणं गेल्यावर एकदाची प्रतिमा उमटली. आनंदाच्या भरात काच वाळवायला धरली आणि त्याच हाताने ओल्या थरावरून फिरवून पुसूनही टाकली! जानेवारी १८६४ मध्ये मात्र अ‍ॅनी नावाच्या लहान मुलीचा फोटो नीट आला. बाई त्या पोरीला द्यायला भेटवस्तू शोधत घरभर धावल्या. जणू फोटो त्या मुलीनेच काढला, असं त्यांना वाटत होतं. त्या प्रिंटखाली त्यांनी ‘माझं पहिलं यश’ असं लिहिलं.

पुढची अकरा-बारा वर्षं बाईंनी कुणाला सोडलं नाही. टेनिसन, कार्लाइल, ब्राउनिंग, डार्विन, शिवाय मोलकरणी, भाच्या, पोस्टमन, वाटेने जाणारे पर्यटक. अमेरिकन कवी लाँगफेलोला टेनिसन स्वतः घेऊन आला आणि ‘ती सांगेल ते तुला करावं लागेल, तुझं काय उरलंय ते बघायला मी थोड्या वेळाने येतो’ म्हणून निघून गेला, असा किस्सा आहे. टेनिसनचा स्वतःचा १८६५चा फोटो घ्या. विस्कटलेले केस, दाढी, अंगावर झगा, हातात पुस्तक. त्याने त्याचं नाव ठेवलं ‘मळका जोगी’, आणि तोच त्याला आवडायचा. डार्विन १८६८च्या उन्हाळ्यात सहकुटुंब कॅमेरॉन बाईंकडेच भाड्याने राहायला होता. आपल्या सगळ्या फोटोंत हाच आपल्याला सर्वांत जास्त आवडतो, असं त्याने लेखी दिलं.

माझा सर्वांत आवडता मात्र हर्शेलांचा, १८६७चा. म्हाताऱ्याला केस धुऊन यायला लावलं होतं म्हणे. पांढरे केस उभे राहून कडेने पेटल्यासारखे दिसतात. पार्श्वभूमी काळी, कपडे काळ्या कापडात गडप. उजेड वरून एका बाजूने पडतो, तो कपाळ, नाकाचा दांडा आणि डोळ्यांखालच्या ओल्या पिशव्यांवर थांबतो. खुर्ची नाही, टेबल नाही, ग्रीक खांब नाही. त्या काळी स्टुडिओत या वस्तूंशिवाय फोटो निघत नसे. दोन्ही डोळे किंचित धूसर आहेत, तरी ते आपल्याकडे बघत नाहीत, आतल्या कशाकडे तरी बघताहेत, हे स्पष्ट कळतं.

फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी मात्र तिला झोडपलं. धाडसाचं श्रेय देऊ, पण बाकी सगळे गुण घालवून बसलीय, असा १८६५ मध्ये सूर होता. बोटांचे ठसे, ओघळ, धुळीचे कण, सुटलेला थर, सगळ्याची यादी निघाली. तिने ३१ डिसेंबर १८६४च्या पत्रात हर्शेलना विचारलं होतं, की फोकस म्हणजे काय, आणि कुठला फोकस वैध हे ठरवायचा अधिकार कुणाला?

माझं मत असं, की सुरुवातीला तिला जमत नव्हतं, हे खरं. पण जमायला लागल्यावरही तिने ते तसंच ठेवलं, आणि खरं काम इथे सुरू होतं. बाकी तुम्ही बोला.

रावसाहेब_नाशिक

लेख चांगला, निष्कर्ष भोळा. माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. फोकस गेलेला फोटो गिऱ्हाइकाला दिला असता तर त्याने पैसे परत मागितले असते, वर गल्लीत बोभाटा केला असता. श्रीमंत घरची बाई, ओळखी थेट राजकवीपर्यंत, म्हणून चूक ‘शैली’ झाली. हेच फ्रेशवॉटरच्या एखाद्या धंदेवाल्या फोटोवाल्याने केलं असतं तर आज त्याचं नावही राहिलं नसतं.

शर्वरी

शेवटचं वाक्य पटलं. पहिलं नाही.

ओलीकाच

हौस म्हणून मी ही ओल्या काचेची पद्धत करतो, त्यामुळे थोडं तांत्रिक.

काच घासून स्वच्छ करायची. त्यावर कोलोडियन (काचेवर पातळ थर धरणारं चिकट द्रावण) ओतायचं आणि तव्यावर घावन फिरवावं तशी काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून थर सारखा करायचा. अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, एक्स्पोजर द्यायचं आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन डेव्हलप करायची. सगळा खेळ साधारण दहा-पंधरा मिनिटांचा. थर वाळला की संपलं. फिक्स करायला तेव्हा पोटॅशियम सायनाइड सर्रास वापरत. हाताला सिल्व्हर नायट्रेट लागलं की उन्हात कातडी काळी पडते आणि ते डाग आठवडाभर जात नाहीत. इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबाल्डी १८६४ मध्ये टेनिसनकडे आला, तेव्हा फोटोसाठी गुडघे टेकून विनवणाऱ्या या बाईंचे काळे हात बघून त्याला ती भिकारीण वाटली, असं सांगतात. माझे हात बघून बायकोलाही साधारण तेच वाटतं.

आता फोकसचं. पहिला कॅमेरा साधारण ११ बाय ९ इंच काचेचा, लेन्स फ्रेंच, जामँ कंपनीची. अशा लेन्सचं तोंड मोठं. जवळून चेहरा घेतला की एका वेळी एक पापणी किंवा मिशीचं टोक, एवढंच शार्प मिळतं. त्यात एक्स्पोजर कधी कधी काही मिनिटांचं. बाकीचे फोटोवाले मान अडकवायला मागे लोखंडी चिमटा लावत. बाईंना तो ताठरपणा नको होता, त्यामुळे माणूस श्वास घेई, हलत असे. १८६६ मध्ये तिने डालमायरची लेन्स आणि १५ बाय १२ इंच काचेचा कॅमेरा घेतला. रावसाहेब, मुद्दा इथे आहे. ही लेन्स कितीतरी चांगली. छिद्र बारीक करून सगळं शार्प घ्यायची सोय तिच्याकडे होती. तिने नाही घेतलं. हर्शेल, कार्लाइल हे सगळे या दुसऱ्या कॅमेऱ्यातले.

आणि एन्लार्जर नाही. जेवढी काच तेवढाच प्रिंट, अल्ब्युमेन कागदावर (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या) उन्हात छापलेला. मोठा चेहरा हवा तर काचच मोठी हवी. पंधरा इंची ओली काच एकदा हातात धरून बघा, मग ‘हौस’ म्हणा.

रावसाहेब_नाशिक

लेन्सचा मुद्दा मान्य. ठशांचं आणि ओघळांचं काय? ते पण ठरवून?

ओलीकाच

नाही. ते घाईचे आणि निष्काळजीपणाचे. पण दुसऱ्या कुणी ती काच फेकून दिली असती. तिने चेहरा चांगला आलाय ना, मग ओघळासकट प्रिंट काढली, सही केली आणि विकायला ठेवली. मी अजून फेकतो, हा माझ्यात आणि तिच्यात फरक.

उनाड_मोरू

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड म्हणजे हेच की! बाई काळाच्या पुढे होत्या :)

ओलीकाच

उलट आहे मोरूशेठ. पोर्ट्रेट मोड चेहरा कातरून शार्प ठेवतो आणि मागचं पुसतो. तिच्या फोटोत मागे पुसायला काही नसतंच. धूसर होतो तो चेहरा.

उनाड_मोरू

बरं. माघार.

वकिली_चष्मा

नवऱ्याला एका वाक्यात उडवलंत, म्हणून ही भर. भारतीय दंड संहितेचा मसुदा करणारा पहिला विधी आयोग मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली बसला, त्याचा हा कॅमेरॉन सदस्य. मुंबई इलाख्यातर्फे त्यात जॉर्ज अँडरसन होते, जे पुढे काही काळ मुंबईचे हंगामी गव्हर्नर झाले. मसुदा १८३७ मध्ये दिला, कायदा १८६० मध्ये झाला, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता येईपर्यंत आम्ही वकील मंडळी त्याच कलमांवर जेवत होतो. कॅमेरॉन पुढे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा विधी सदस्यही झाला. त्याआधी सिलोनच्या न्यायव्यवस्थेच्या सुधारणांचा अहवाल त्याने लिहिला होता, मळ्यांचा नाद तेव्हापासूनचा.

बायकोच्या फोटोत त्याने मर्लिन जादूगाराचं काम केलंय. टेनिसनच्या आर्थर राजाच्या काव्यासाठी तिने १८७४ मध्ये जी चित्रं काढली, त्यातलं. ऐंशीला टेकलेल्या या गृहस्थाला पोझ देताना हसू आवरेना आणि काचांमागून काचा फुकट गेल्या, असं सोबत बसलेल्या मुलीने नंतर लिहिलंय. दंड संहितेवाला माणूस दाढी लावून हसतोय, ही कल्पनाच मला भारी वाटते.

कवडसा

दाढी खरी होती हो त्याची!

ते मर्लिन प्रकरण माझ्या मते तिचं सर्वांत कच्चं काम आहे. नाटक कंपनीचे कपडे, मागे पडदा, पुठ्ठ्याची होडी. टेनिसनच्या पुस्तकात तिचे फोटो लहानशा लाकडी ठशांवरून छापले, म्हणून नाराज होऊन तिने स्वतःच मोठ्या आकाराचे दोन खंड काढले. जिद्द कबूल. पण दोन तास त्या राण्या आणि सरदार बघण्यापेक्षा ज्युलिया जॅक्सनचा १८६७चा एक चेहरा बघावा. ही तिची भाची, व्हर्जिनिया वुल्फची आई. मान वळलेली, गळ्याची शीर ताणलेली, अर्धा चेहरा अंधारात. ना पंख, ना मुकुट.

मेघना_लीड्स

मेरी रायनबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

लंडनजवळ पटनीच्या माळरानावर एक आयरिश बाई मुलीला घेऊन भीक मागत होती. कॅमेरॉन बाईंनी मुलीला ठेवून घेतलं, शिकवलं, आणि मोठी झाल्यावर घरात मोलकरीण म्हणूनही राबवलं. कधी दासी, कधी राणी, फोटोला लागेल तसं. लंडनच्या प्रदर्शनात मेरी फोटोंची बिलं लिहायला बसायची. तिथे एक तरुण आला, तिचे फोटो विकत घेतले आणि तिच्या हस्ताक्षरातलं बिल जपून ठेवलं. पुढे त्याने येऊन मागणी घातली, १८६७ मध्ये लग्न झालं.

हा तरुण म्हणजे हेन्री कॉटन. जन्म कुंभकोणमचा, भारतीय सनदी सेवेतला. आसामचा चीफ कमिशनर झाला, सर झाला, निवृत्तीनंतर कर्झनच्या बंगाल फाळणीविरुद्ध उभा राहिला, आणि १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. म्हणजे माळरानावरची ती पोरगी लेडी कॉटन झाली. कलकत्त्याचा इतिहास लिहिणारा इव्हान कॉटन त्यांचाच मुलगा.

दुसरी मेरी, मेरी हिलियर, गावातलीच. ती बाईंची कायमची मॅडोना. फोटोत कुशीत बाळ, बाकीच्या वेळात हातात काचा धुवायच्या बादल्या. तिच्या वाट्याला कुणी कॉटन आला नाही, तिने गावातल्याच एका माळ्याशी लग्न केलं.

आबा_कोकणे

१९०४च्या मुंबई अधिवेशनाबद्दल पुष्कळ वाचलंय, अध्यक्षांच्या सौभाग्यवतींची ही गोष्ट कुठे आली नव्हती. मेघनाताई, धन्यवाद.

एक समांतर नोंद. बाईंच्या हातात कॅमेरा येण्याच्या नऊ वर्षं आधी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. म्हणजे फ्रेशवॉटरला कोंबड्या सुटल्या तोवर गिरगावाला या रसायनांचा वास नवा राहिला नव्हता.

शर्वरी

सगळे किस्से गोड आहेत, पण एक फोटो राहिला. १८६८ मध्ये मुंबई फौजेचा सेनापती नेपियर अ‍ॅबिसिनियावर (आजचा इथिओपिया) चालून गेला. मग्डालाचा किल्ला पडला, सम्राट टेवोड्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याच्या सात वर्षांच्या मुलाला, आलेमायूला, इंग्लंडला आणलं. त्याला सांभाळणारा कॅप्टन स्पीडी आयल ऑफ वाइटला राहत होता. कॅमेरॉन बाईंनी दोघांचे फोटो काढले. स्पीडी अ‍ॅबिसिनियन वेशात ऐटीत, आणि मुलगा हातात बाहुली घेऊन. महिन्यांमागे आईबाप गेलेलं पोर आहे ते. हे फोटो विकायला ठेवले होते.

तिला चेहऱ्यातलं दुःख दिसत होतं, याबद्दल वाद नाही. पण ते दुःख कुठून आलं, हा प्रश्न तिला पडलेला दिसत नाही.

मेघना_लीड्स

आलेमायू आमच्या लीड्समध्येच वारला, १८७९ मध्ये, अठराव्या वर्षी. दफन विंडसरला. त्याचे अवशेष परत द्या म्हणून इथिओपिया मागणी करतंय, २०२३ मध्ये राजवाड्याने पुन्हा नाही म्हटलं.

कवडसा

शर्वरी, मान्य. सिलोनबद्दलही हेच म्हणता येईल. १८७५ मध्ये दोघं कायमचे तिकडे निघाले. मळे कर्जात होते, त्यात कॉफीवर तांबेरा पडलेला, आणि बाईंची फोटोग्राफी खाणारीच, कमावणारी नाही. सामानात दोन शवपेट्या, आत काचेची भांडी भरलेली! सिलोनमधले तीसेकच फोटो उरलेत, बरेचसे मळ्यावरच्या आणि घरच्या माणसांचे. इंग्लंडमधल्या मोलकरणींना निदान मॅडोना, राणी अशी पात्रं तरी मिळाली. इथल्या मजुरांच्या फोटोंवर कुणाची नावंही नाहीत.

तिथे चित्रकार मेरियन नॉर्थ आली, तिचाही फोटो काढला. डोक्यात नारळाच्या झावळ्या टोचताहेत, ऊन डोळ्यांत, तापमापक ९६ फॅरेनहाइटवर, आणि वर ‘अगदी सहज दिसा’ अशी आज्ञा. नॉर्थने ते आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. २६ जानेवारी १८७९ ला बाई गेल्या. थडगं बोगावंतलावाच्या चर्चजवळ, नवऱ्याच्या शेजारी.

रावसाहेब_नाशिक

‘खाणारी, कमावणारी नाही’ यावर थोडं लिहा. मला त्यातच रस आहे. विकत होती म्हणता, मग बुडाली कशी?

कवडसा

विकायचा प्रयत्न जोरदार होता. लंडनला कोलनागी या चित्रविक्रेत्याच्या दुकानात प्रिंट ठेवल्या, पाचशेच्या वर फोटोंची कॉपीराइट नोंदणी केली, मोठ्या माणसांकडून सह्या घेतल्या, कारण सहीवाली प्रिंट महाग जाई. संचालक हेन्री कोलने १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी तिचं काम विकत घेतलं आणि १८६८ मध्ये तिथे दोन खोल्या स्टुडिओसाठी दिल्या. बर्लिनला १८६५ ला कांस्य आणि १८६६ ला सुवर्णपदक मिळालं. पण खर्च अफाट, आणि जितक्या विकल्या तितक्याच वाटल्या. अल्बमच्या अल्बम भेट द्यायची. त्यात बऱ्याच काचांवर जाळीसारखे तडे गेले. वार्निश खराब की समुद्राची खारी हवा, यावर फोटोग्राफिक सोसायटीत चर्चा झाली, गेलेल्या काचा काही परत आल्या नाहीत.

रावसाहेब_नाशिक

हे ऐकून बाईंबद्दल थोडी आपुलकी वाटली. वडिलांच्या स्टुडिओचंही उधारीनेच वाटोळं झालं. फोकसबद्दल मत तेच, पण हर्शेलांचा फोटो मोठा करून बघितला. कपाळावरच्या सुरकुत्या शार्प आहेत, डोळे नाहीत. हे चुकून होत नाही, एवढं धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आबा_कोकणे

बघायला कुठे मिळतील?

मेघना_लीड्स

सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे तेच जुनं साउथ केन्सिंग्टन. त्यांच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट बघता येतात, ठसे आणि ओघळांसकट. फ्रेशवॉटरचं घर, डिंबोला, आता संग्रहालय आहे. यायचं असेल तर उन्हाळ्यात या आबा, हिवाळ्यात त्या बेटावर वारा फार.